जर्मन वाइनची आंधळी कोशिंबीर

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. सिंकमध्ये चहाचे कप साठतात ना, तसे ते साठतात. एकाने एक ठेवला की दुसरा म्हणतो, माझाही राहू दे तिथेच. आमच्या रिसॉर्टवर वाइनचं खूळ आल्यापासून तर आमचं सिंक भरून वाहायला लागलंय. म्हटलं, आता एकदा बसून सगळं काढूच बाहेर.

तर आमचं रिसॉर्ट शहापूर-मुरबाड रस्त्याला आहे. मी सुजाता, गाव आटगावच्या बाजूचं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये कॅप्टन. कॅप्टन म्हणजे जहाजबिहाज काही नाही. ऑर्डर घ्यायची आणि वेटर लोकांवर ओरडायचं. ओरडणं मला शिकवावं लागलं नाही!

एक दिवस शेठच्या डोक्यात आलं की आपण जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या वाइन ठेवायच्या. का, तर नाशिकची सगळेच ठेवतात. वेगळं सेक्शन, वेगळं मेनू कार्ड आणि त्याला एक इनचार्ज. आमचे मॅनेजर जयेश सर कल्याणचे, वाइनचा कोर्स केलेले. ते शेठना म्हणाले, "बाहेरचा माणूस कशाला? आपल्यातलाच तयार करतो."

शेठ म्हणाले, "करा. मुंबईहून वाइनच्या जाणकार मॅडम येऊन परीक्षा घेतील. पास झाला तर आपला माणूस, नाहीतर मुंबईचा."

ती जागा मला हवी होती. उगाच लाजत कशाला सांगू? हवी म्हणजे हवीच होती. एवढी वर्षं ताटं उचलायची आणि वर बाहेरचा कुणीतरी टाय लावून येऊन बसणार? जमणार नाही!

*

परीक्षा होती ब्लाइंड टेस्टिंगची. म्हणजे बाटली झाकायची, ग्लासात ओतायची आणि नुसत्या वासावर आणि चवीवर देश, प्रांत, द्राक्ष ओळखायचं. जयेश सरांनी परीक्षेला माझं नाव दिलं आणि सरावासाठी चौघांची टीम केली. ते स्वतः, मी, रिसेप्शनची हर्षदा आणि किचनचे भाऊमामा. भाऊमामा डोळखांबच्या पाड्यावरचे. स्वयंपाकात हात असा, की पाहुणे बिल द्यायच्या आधी त्यांना भेटायला मागतात.

पहिल्या दिवशी हर्षदाने विचारलं, "ब्लाइंड म्हणजे डोळे बांधायचे का?" आणि उत्तराची वाट न बघता ओढणी बांधून बसलीसुद्धा!

सर म्हणाले, "अगं, बाटलीला बांधायचं, तुला नाही!"

मी म्हटलं, "ही तर आंधळी कोशिंबीरच झाली." झालं. आमच्या टेस्टिंगला तेच नाव पडलं.

पुढच्या आठवड्यात मी किचनला फोन केला. भाऊमामा भाजी आणायला गेले होते, फोन नवीन कुकने उचलला. मी घाईत म्हटलं, "मामांना सांग, चार वाजता आंधळी कोशिंबीर आहे. टेबल लावायला सांग."

चार वाजता आम्ही हॉलमध्ये गेलो. पांढरी चादर, चकचकीत ग्लास आणि मधोमध परातभर कोशिंबीर! काकडी, मुळा, कच्चा कांदा, वर मोहरीची फोडणी. अख्ख्या हॉलमध्ये कांद्याचा वास. त्यात नाजूक जर्मन वाइन काय ओळखणार, डोंबल!

सरांनी कपाळावर हात मारला. नवीन कुक बिचारा विचारतो, "मॅडम, आंधळी म्हंजी बिनमिरचीची ना? मी मिरची नाय टाकली."

*

जर्मन रीसलिंग, म्हणजे रीसलिंग द्राक्षाची पांढरी वाइन, जुनी झाली की तिला रॉकेलसारखा वास येतो. खोटं नाही सांगत. पुस्तकात पेट्रोल लिहिलंय, पण आमच्याकडे तो वास रेशनच्या रॉकेलचाच! जाणकार लोक त्या वासासाठी जीव टाकतात.

हे आम्हाला तेव्हा कुठे माहीत? सरांनी पहिल्यांदा तशी बाटली उघडली, ग्लास फिरवून भाऊमामांच्या हातात दिला. मामांनी नाक घातलं, ग्लास ठेवला आणि एक अक्षर न बोलता धावत सुटले. आम्हाला वाटलं, उलटी आली असेल.

पाच मिनिटांत बाहेरून पाहुण्यांची ओरड सुरू झाली. बिर्याणी येईना, रोटी येईना. मी किचनमध्ये गेले तर सगळे गॅस बंद, खिडक्या सताड उघड्या, मेन लाइट बंद आणि मामा सगळ्या पोरांना मागच्या दाराने बाहेर काढतायत.

"मामा, काय झालं?"

"काय झालं काय विचारते गो? कुठंतरी रॉकेल सांडलंय! तुमाला कुनाला वास कसा नाय आला?"

मागून जयेश सर धावत आले. त्यांनी मामांना मिठीच मारली. "आला, मामा, वास आला! तुम्हाला बरोबर आला!"

मामा म्हणाले, "मग पळा की!"

*

आता घरचं सांगते, कारण खरी अडचण तिथेच होती.

माझ्या आईला मी सांगितलं, "आई, मी जर्मन वाइन शिकतेय." आमच्याकडे जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. जर्मनचा टोप, जर्मनची परात. आई म्हणाली, "जर्मनची? टोपात बनवतात का?"

"नाय गो आई, जर्मनी देश आहे."

"असंल. पन टोप त्येंचेच ना?"

आई हसून मोकळी झाली. बाबा हसले नाहीत. आमचं घर बौद्ध, आणि बाबा नुसते नावाचे नाहीत. दर रविवारी विहारात वंदनेला जातात, पंचशील म्हणतात आणि पाळतात. पाचवं शील नशेपासून दूर राहायचं. आमच्या घरात खोकल्याचं औषधसुद्धा ते बाटलीवरचं वाचून आणतात.

ते म्हणाले, "दारू शिकायला जातेस?"

मी म्हटलं, "बाबा, प्यायची नसते. घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा. सगळे जाणकार असंच करतात."

बाबांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "शिकणं वाईट नाय. शीक. पन एक थेंब गिळला आणि मला कळलं, तर त्या दिवशी नोकरी बंद. कबूल?"

मी म्हटलं, "कबूल." आणि तोऱ्यात बोलून गेले, "तुम्हाला कळायच्या आधी मीच सांगेन!"

*

बाबा एसटी डेपोत कंट्रोलर होते. ड्रायव्हर गाडी काढायच्या आधी शुद्धीत आहे की नाही, हे बघण्यात उभा जन्म गेला. तो जन्म आता माझ्यासाठी पुन्हा सुरू झाला. टेस्टिंगच्या दिवशी मी घरात पाऊल टाकलं की दारातच, "फुंक."

मी फुंकायची. वास यायचाच. थुंकलं तरी तोंडाला वास राहतोच ना!

"वास येतोय."

"बाबा, थुंकलेय हो!"

"तोंड थुंकल्याचं सांगतंय, पोट काय सांगतंय?" मग त्यांनी उपाय काढला. प्यायलेल्या माणसाला पाढा येत नाही, हा त्यांचा डेपोतला अनुभव. "एकोणतीसचा पाढा म्हण."

मी एकोणतीस सातेपर्यंत आले आणि अडकले. बाबांचा चेहरा उतरला. आई पदर तोंडाला लावून उभी. मला इतका राग आला की चप्पल काढायची राहिली, तशीच घरात शिरले.

"बाबा, सातवीत असताना याच पाढ्यावरून तुमीच मला बडवलं होतं! तेव्हा काय मी पिऊन आले होते?"

पुढच्या वेळेपासून एकोणीसचा पाढा सुरू झाला.

*

हर्षदाचं नाक फार तेज, पण तिचं नाक देशाला जात नाही, नातेवाइकांच्या घरी जातं. एकदा सरांनी गुलाबाचा आणि लिचीचा वास येणारी गेवुर्त्सट्रामिनर नावाची वाइन ठेवली. हर्षदाने वास घेतला आणि डोळे मिटले.

"सर, ही माझ्या काकीची हळद. तिच्या गावी गुलाबदाणी घेऊन मीच दारात उभी होते."

सर म्हणाले, "हळद राहू दे. देश सांग, देश!"

हर्षदा ठामपणे म्हणाली, "टोकावडे!"

*

माझी पण फजिती ऐका, नाहीतर म्हणाल स्वतःचं झाकते.

रीसलिंगची बाटली उंच आणि बारीक असते. कितीही कापड गुंडाळा, कळतेच. म्हणून सरांनी भाऊमामांना सांगितलं, "बाटलीतनं काढून कशाततरी ओता, आकार कळता कामा नये." मामांनी डेकोरेशनच्या शोकेसमधले पितळेचे तांबे काढले, धुतले आणि सकाळीच भरून ठेवले. आम्ही बसलो चार वाजता.

मी घोट घेतला, फिरवला, थुंकला. जिभेला काहीतरी वेगळंच लागलं, दगड चाटल्यासारखं. मला तर आनंदाने काही सुचेना. मोझेल नदीच्या काठी पाटीच्या दगडात द्राक्षं होतात आणि वाइनला त्या दगडाची चव असते, असं सरांनी शिकवलं होतं.

मी टेबलावर हात आपटला. "मोझेल! शंभर टक्के! दगड बोलतोय, सर!"

सरांनी पण घोट घेतला. "वा! काय मिनरॅलिटी आहे!" मग स्वतःच गोंधळले. कारण त्या तांब्यात त्यांनी आम्हाला फसवायला नाशिकची साधी वाइन टाकायला सांगितली होती. "ही इतकी छान कशी काय लागते?" ते पुन्हा पुन्हा घोट घ्यायला लागले.

भाऊमामा हळूच म्हणाले, "सर, तांब्याला कल्हई नाय. सकाळपास्नं आंबट त्यात हाय. कळकलं असंल. आमी ताक टाकून देतो असं झालं तर."

सरांनी तोंडातलं जे थुंकलं, ते थेट पांढऱ्या चादरीवर. आणि मी? मी आजही म्हणते, चव दगडाचीच होती!

*

पौष पौर्णिमेला मुरबाडकडच्या म्हसा गावची जत्रा भरते. तिथे बैलांचा मोठा बाजार. जत्रेहून परतताना एक बैलवाले शेठ चार मित्र घेऊन आमच्याकडे आले. खिल्लारी जोडी चांगली गेली होती, त्यामुळे मिशा वर. सेक्शन अजून सुरू झालं नव्हतं, पण सरांनी दोनचार बाटल्या ओळखीच्या पाहुण्यांना चाखवायला ठेवल्या होत्या. त्या घेऊन मी गेले.

ते म्हणाले, "बैल घेताना आमी दात बघतो. हिचं काय बघायचं?"

मी म्हटलं, "गोड पाहिजे की कोरडी, तेवढं सांगा. ही हाल्बट्रॉकन आहे. निम्मी कोरडी, थोडी गोडसर. तुम्हाला आवडेल."

"काय ट्रॉकन?"

"हाल्ब. म्हणजे हाफ."

त्यांनी मित्रांकडे बघितलं. मित्र हसायला लागले. झालं, इज्जतीचा प्रश्न! "ए पोरी, आमी काय हाफवाले दिसतो का? जोडी विकून आलोय! फुल ट्रॉकन आण!"

मी परोपरीने सांगितलं की काका, फुल ट्रॉकन म्हणजे अगदी कोरडी, आंबट, तुम्हाला नाही झेपायची. "झेपायची नाय" हे शब्द मी वापरायला नको होते. मग तर विषयच संपला.

आणली. त्यांनी ग्लास एका दमात रिकामा केला. एक डोळा बंद झाला, मिशी डाव्या बाजूला गेली, पण माणूस बोलेना. मित्र विचारतात, "कशी हाय? कशी हाय?"

त्यांनी शांतपणे ग्लास खाली ठेवला आणि मला म्हणाले, "ह्या चौघांना पन फुलच दे."

*

मग परीक्षा झाली. मुंबईच्या मॅडम आल्या. चष्मा गळ्यात, बोलणं गोड, पण नजर अशी की वेटर लोक भिंतीला चिकटून उभे. शेठ समोर खुर्ची टाकून बसलेले. हर्षदा रिसेप्शन सोडून दारातून बघतेय, भाऊमामा किचनच्या गोल काचेतून. टेबलावर ग्लासांची ओळ. आणि मी? खोटं कशाला बोलू, मला अजिबात भीती वाटत नव्हती. भूक लागली होती.

पहिला ग्लास. "पांढरी मिरी, कच्चा वाल. ग्रूनर वेल्टलिनर, ऑस्ट्रिया." बरोबर.

दुसरा. "हलकी, आंबटगोड, दारू कमी. मोझेलची रीसलिंग." बरोबर. या वेळी काचेच्या बाटलीतून आली होती!

तिसरा लाल. मी म्हटलं, "करवंद." मॅडमनी वर बघितलं. "कर... काय? चेरी म्हणायचंय का?"

मी म्हटलं, "मॅडम, चेरी मी केकवर असते तेवढीच खाल्लीय आणि ती साखरेची असते. करवंदं मी जाळीतनं काढून, हात ओरबाडून खाल्लीत. हे काळं करवंद आहे, पूर्ण पिकायच्या आधीचं. ब्लाउफ्रँकिश, ऑस्ट्रिया."

मॅडमनी कागदावर बरोबरची खूण केली आणि बाजूला देवनागरीत 'करवंद' लिहून घेतलं.

शेवटचा ग्लास अवघड होता. रीसलिंग आहे हे लगेच कळलं, कोरडी आहे हेही कळलं. पण जर्मनीची की ऑस्ट्रियाची? मी घोट घेतला, थुंकला. पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "एक घोट गिळा. गिळल्यावर घशात जे राहतं ना, त्यावरून कळेल. एक घोट चालतो, मी पण कधीकधी गिळते."

शेठ म्हणाले, "घे गं, घे. इथे कोण बघतंय?"

कोण बघतंय? मला एकदम आमचं दार दिसलं. "फुंक" म्हणणारे बाबा दिसले. जागा समोर होती, एका घोटावर. कुणाला कळलंही नसतं. पण मला कळलं असतं आणि मी बाबांना म्हटलं होतं की मीच सांगेन. मला खूप वाईट वाटलं आणि खूप चीडही आली, कुणाची ते मला माहीत नाही.

मी ग्लास खाली ठेवला. "नाय मॅडम. गिळणार नाही."

"मग अंदाज सांगा."

"अंदाज नाही, उत्तर सांगते. अंग भारी आहे, गोडी जराही नाही, तोंडात ऊब राहते. ऑस्ट्रिया. वाखाउ प्रांत."

मॅडमनी बाटलीचं कापड काढलं आणि लेबल शेठकडे फिरवलं. शेठना ते वाचता येईना. ते मॅडमकडे बघत राहिले. मॅडम म्हणाल्या, "वाखाउच आहे. आता मुंबईहून कुणाला आणू नका. इतक्या ठामपणे तर मीसुद्धा बोलत नाही."

किचनच्या दारामागून मोठ्याने आवाज आला. भाऊमामांनी आनंदाने डाव परातीवर आपटला होता.

*

वाटलं, संपलं. पण कसलं संपतंय! घरी पेढे घेऊन गेले तर बाबांनी पेढा घेतला आणि हातातच ठेवला.

"तू गिळलं नाय, मला म्हाईत हाय. मी तुला विचारत पन नाय. पन आता तू लोकांना पाजणार. त्याचं काय?"

मी म्हटलं, "बाबा, मी आत्ताही तेच टेबल सांभाळते. मी नाही गेले तर लोक प्यायचे थांबणार आहेत का? फक्त बाहेरचा माणूस माझ्या डोक्यावर येईल."

"ते कळतंय मला."

"मग?"

"बघू. रविवारी सांगतो."

सोमवारी मला रुजू व्हायचं होतं. दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. आईने विचारलं, जेवतेस का, तर तिच्यावरही ओरडले. बाबांनी नाही म्हटलं असतं तर मी गेले नसते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण ठरवलं होतं, आणि त्या विचाराने रडू येत होतं.

रविवारी विहारात वंदना झाली. सगळे पांढऱ्या कपड्यांत, पंचशील म्हणून झालं, आई बायकांबरोबर खीर वाटत होती. तेवढ्यात बाबांचे चुलतभाऊ नामदेवकाका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. त्यांचा मुलगा आदल्याच आठवड्यात नाक्यावरच्या गटारात सापडला होता. चौघांनी उचलून घरी आणला, सगळ्या आळीने बघितलं. तरी काकांना बोलायची हौस!

"काय रे भावा, ऐकलं ते खरं का? आताच इथं शील घेतलंस आणि तुझी पोरगी दारूच्या सेक्शनला इनचार्ज?"

आईच्या हातातला डाव खिरीच्या पातेल्यातच थांबला. माझे कान गरम झाले. मी उठणारच होते, पण बाबांनी हाताने मला बसवलं.

त्यांनी वाटीतली खीर सावकाश संपवली, तोंड पुसलं आणि नामदेवकाकांकडे वळले.

"खरं हाय. उद्यापास्नं ड्युटीवर जातेय ती. तुझ्या पोराला तिच्याकडं पाठव, नामदेव. घोट घ्यायला त्याला येतंच. थुंकायला तेवढं ती शिकवंल!"